ग्रीनवर मारायचं की ले-अप करायचा, हे कसं ठरवायचं

गोल्फचं पार ५ होल आहे (पाच शॉटमध्ये पूर्ण करायचं), ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, मस्त बसलाय, बॉल फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध आणि रेंजफाइंडर पिनला, म्हणजे होलमधल्या झेंड्याला, २०५ यार्ड दाखवतोय. समोर तळं. एक तर ते ओलांडून थेट ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर मारायचं, नाहीतर ले-अप करायचा, म्हणजे मुद्दाम तळ्याच्या अलीकडे थांबायचं. पुढचा ग्रुप अजून ग्रीनवर पटिंग करतोय म्हणून थांबावं लागतं, आणि त्या चार-पाच मिनिटांत हात आपोआप थ्री-वुडकडे, म्हणजे लांब मारायच्या क्लबकडे जातो, कारण मागच्या महिन्यात कधीतरी तो क्लब असाच कडक लागलेला असतो आणि तोच एक शॉट डोक्यात फिरत असतो. सोबतचे तिघं पण बघत असतात. आमच्या कोर्सवरच्या अशाच एका होलवर मी वर्षभरात किती बॉल तळ्यात घातले त्याची मोजदाद नाही, आणि शेवटी एक दिवस बसून नीट हिशोब केला. तोच हिशोब इथे देतोय. माझा हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती शॉट जास्त लागतात तो आकडा) १६ आहे, तुमचा १० ते २५ च्या मधे कुठेही असेल तरी पद्धत हीच चालेल.

पहिली गोष्ट म्हणजे "पोचेल का?" हा प्रश्नच सोडून द्या. पोचतो हो, कधीतरी सगळ्यांचाच पोचतो. प्रश्न हा विचारायचा की माझा नेहमीचा चुकलेला शॉट कुठे जाऊन पडेल. माझा थ्री-वुड चुकला की उजवीकडे जातो आणि पंधरा-वीस यार्ड कमी पडतो, तुमचा कदाचित डावीकडे हुक होत असेल. त्या जागी साधा रफ (वाढलेलं गवत) किंवा बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर बिनधास्त मारा, बंकर काही पाणी नाही, तिथून पुढचा शॉट खेळता येतो. त्या जागी पाणी असेल तर मोजायला बसा. आणि त्या जागी पांढरे खांब असतील, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स, कोर्सच्या हद्दीबाहेर, तर माझ्या मते विषय संपला, कारण तिथे एक पेनल्टी (वाढीव शॉट) तर लागतेच आणि वर परत त्याच २०५ वरून मारावं लागतं, म्हणजे चौथा शॉट मारताना पण तुम्ही जिथल्या तिथेच.

मोजायचं कसं ते सांगतो. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन थ्री-वुडने दहा बॉल मारा. वॉर्म-अप झाल्यावरचे शेवटचे दहा मोजू नका, मधे वेज (कमी अंतराचा क्लब) मारा, थोडं थांबा, मग एक थ्री-वुड, परत वेज, असं करत दहा पूर्ण करा, कारण कोर्सवर आपल्याला एकच चान्स मिळतो. मी स्कोअरकार्डच्या मागे तीन रकाने करतो: नीट लागला, वाकडा गेला पण खेळता येईल, आणि पाण्यात. आमच्या होलवर तळं १५० यार्डावर सुरू होतं आणि पलीकडे जायला १९० कॅरी लागतो, म्हणजे रोल धरायचाच नाही, हवेतून १९०. माझे दहापैकी तीन नीट, तीन वाकडे पण सुके, आणि चार तळ्यात.

आता पुढचे आकडे माझ्या स्वतःच्या खेळाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. ग्रीनवर किंवा अगदी जवळ असलो तर मला आत टाकायला सरासरी अडीच शॉट लागतात, म्हणजे मारलेला धरून ३.५. वाकडा गेला तर झाडाखालून, बंकरमधून मिळून ४.२. पाण्यात गेला तर मारलेला एक, पेनल्टीचा एक, आणि अलीकडच्या काठावर ड्रॉप घेऊन (बॉल हाताने टाकून) ५५ यार्डांवरून ३.२, एकूण ५.२. तीन, तीन आणि चार अशी बेरीज करून दहाने भागलं की ४.३९ येतं. ले-अपचा हिशोब असा की ७ आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) १३५ मारला, ७० यार्ड उरले, तिथून मला ३.३ लागतात, म्हणजे ४.३, आणि दहातला एक ७ आयर्न पण डफ होतोच (नीट लागतच नाही) तो धरून ४.३७. म्हणजे जवळजवळ बरोबरी! मला वाटलं होतं की ले-अप खूप पुढे असेल, तसं काही निघालं नाही. पण त्याच रकान्यात पाण्यात चारऐवजी दोनच बॉल गेले असते, चार नीट आणि चार वाकडे, तर ४.१२ आलं असतं आणि मग न मारणं म्हणजे शॉट फुकट घालवणं. आणि पाच पाण्यात असतील तर ४.५६. तेव्हा असं तळं समोर असेल तर माझा नियम सरळ आहे, दहात तीन किंवा कमी पाण्यात जात असतील तर मारायचं, चार किंवा जास्त तर ले-अप.

ले-अप म्हणजे घाबरणं ही समजूत डोक्यातून काढा, हे मी मनापासून सांगतोय. २००७ च्या मास्टर्समध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सवरच्या मोठ्या स्पर्धेत, झॅक जॉन्सनने तिथल्या एकाही पार ५ वर दुसऱ्या शॉटला ग्रीनवर मारलं नाही, चारही दिवस ले-अपच केला, आणि त्याच पार ५ होल्सवर मिळून तो ११ अंडर (पारपेक्षा ११ शॉट कमी) खेळला आणि विजेत्याचं ग्रीन जॅकेट घेऊन गेला. त्याचा वेज जबरदस्त होता, आणि त्याने खेळ त्याच्यावर बांधला. उलट २०१० च्या मास्टर्सला फिल मिकलसनने तेराव्या होलवर पाइनच्या पाल्यावरून, दोन झाडांच्या मधून, ६ आयर्न ओढ्यापलीकडे मारून चार फुटांवर ठेवला. तो शॉट बघायला आपल्याकडे पहाटेपर्यंत जागलेले बरेच जण असतील, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी पुढच्या शनिवार-रविवारी झाडांमधून मारायचा प्रयत्न केला असेल. तो त्याचा रोजचा शॉट होता, आपला नाही.

पण ले-अप नीट करणं हे पण एक कसब आहे आणि इथे लोक सगळ्यात जास्त शॉट घालवतात. ले-अपचा निर्णय घेतला आणि मग "जरा तरी पुढे जाऊ" म्हणून हायब्रिड (७ आयर्नपेक्षा लांब जाणारा क्लब) काढला, तो नेमका छान लागला आणि तळ्यात. म्हणजे पेनल्टी पण लागली आणि ग्रीनचा चान्स पण घेतला नाही. असा क्लब घ्या की तुमचा सगळ्यात चांगला फटका, त्यात रोल धरून पण, पाण्याच्या दहा यार्ड अलीकडे थांबेल. तळं १५० वर असेल तर १४० च्या पुढे जाऊच नये. आणि टार्गेट ठरवा, एखादा स्प्रिंकलर, बंकरची कड, काहीतरी, नुसतं "तिकडे कुठेतरी" नको. पिन डावीकडे बंकरमागे असेल तर फेअरवेच्या उजव्या बाजूला ठेवा म्हणजे ग्रीन उघडं मिळतं.

किती अंतर ठेवायचं यावर खूप वाद होतो. "माझं आवडतं अंतर १०० आहे" असं म्हणणारे भरपूर भेटतात आणि मी पण त्यातलाच होतो. पण मार्क ब्रोडी या प्राध्यापकाने पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या) शॉट्सचा जो हिशोब मांडला, ज्यातून स्ट्रोक्स गेन्ड (प्रत्येक शॉटने सरासरीपेक्षा किती कमावलं ते मोजायची पद्धत) आलं, त्यात फेअरवेवर १०० यार्डांवरून टूरच्या खेळाडूला सरासरी २.८ शॉट लागतात आणि २० यार्डांवरून २.४. म्हणजे जवळ असणं हे जवळजवळ नेहमीच फायद्याचं. तेव्हा पाणी नसेल, फक्त अंतर पोचत नसेल, तर मुद्दाम मागे थांबू नका, जितकं पुढे सुरक्षित जाता येईल तितकं जा. अपवाद एकच, अर्ध्या स्विंगचा वेज तुम्हाला खरंच जमत नसेल, ३०-४० वरून चंक होत असेल (बॉलच्या आधी जमीन लागत असेल), तर तूर्तास ८० ठेवा आणि दरम्यान त्या अर्ध्या वेजची प्रॅक्टिस करा.

लाय, म्हणजे बॉल कसा बसलाय, ते बघायला विसरू नका. वरचे सगळे आकडे सपाट, कापलेल्या फेअरवेचे आहेत. बॉल रफमध्ये बसला असेल तर थ्री-वुड बॅगेतच ठेवा. बॉल पायांपेक्षा वर असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे, आणि माझ्यासारखा उजवीकडे चुकणारा असेल आणि पाणी पण उजवीकडे असेल तर बॉल खालच्या लायवरून तो शॉट मी मारतच नाही.

स्पर्धा कुठली आहे त्यावर पण बदलतं. मॅच प्लेमध्ये (होलगणिक समोरासमोरची लढत) समोरच्याने आधीच तळ्यात घातला असेल तर गपचूप ७ आयर्न काढा. स्टेबलफोर्डला (इथे होलगणिक पॉइंट मिळतात) त्या होलवर तुम्हाला हँडिकॅपचा स्ट्रोक (एका शॉटची सूट) मिळत असेल तर साधी बोगी (पारपेक्षा एक जास्त) पण दोन पॉइंट देते.

आणि हा निर्णय होलवर एकदाच घ्यायचा नसतो. १९९९ ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं कार्नुस्टी, शेवटचं होल, ज्याँ व्हॅन द व्हेल्डेकडे तीन शॉटची आघाडी, म्हणजे पार ४ वर सहा केले तरी जिंकला असता. दुसरा शॉट २ आयर्नने ग्रीनकडे मारला, तो प्रेक्षकांच्या स्टँडला लागून परत उंच गवतात आला. सगळे त्या २ आयर्नबद्दल बोलतात, पण मला त्याचा तिसरा शॉट जास्त खटकतो, त्या गवतातून बाजूला फेअरवेवर काढता आला असता, त्याने थेट ग्रीनवर मारला आणि बॉल बॅरी बर्न या ओढ्याच्या पाण्यात गेला. शेवटी सात केले आणि प्ले-ऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. म्हणून पहिला निर्णय चुकला तर पुढच्या शॉटला परत शून्यापासून मोजा, गेलेला शॉट भरून काढायला जाऊ नका.

एक आपल्याकडचं राहिलं. पावसाळ्यात हे आकडे बदलतात. फेअरवे ओला असतो, बॉल पडतो तिथेच रुततो, रोल जवळजवळ शून्य, आणि बॉल आणि क्लबफेसमध्ये पाणी आलं की कॅरी पण भरवशाचा राहत नाही. ले-अपला मात्र त्याचा फायदा आहे, बॉल पळत जाऊन तळ्यात पडायची भीती कमी, म्हणून जुलैमध्ये मी पाण्याच्या थोडा जास्त जवळ जातो. पुण्याहून मुंबईला खेळायला गेलात तर तिथे उंची नाही, २०० यार्डांना चार-पाच यार्ड तरी कमी धरा, समुद्राचा वारा वेगळा. माझ्या वहीत थ्री-वुडचे दोन रकाने आहेत, मे महिन्याचा कॅरी १९५ आणि जुलैचा १८५, आणि आमच्या त्या होलवर १९० लागतात.