कोटिंग सोलतंय? आधी एक पट्टी मारून बघा

प्लाझ्मा स्प्रेनं (गनच्या ज्वाळेत पावडर वितळवून फवारणं) स्टेनलेसच्या स्लीव्हवर, म्हणजे नळीसारख्या जॉबवर, ॲल्युमिना हे सिरॅमिक मारलं की कडेनं पोपडे निघतात, मग करंट वाढव, गन आणि जॉबमधलं डिस्टन्स बदल असं अंदाजपंचे चालतं आणि महागडी पावडर बूथमध्ये उडून जाते.

त्यापेक्षा हे करा.

१. ३०४ स्टेनलेसची आरशासारखी पॉलिश केलेली छोटी पट्टी घ्या. पावडर बंद ठेवून गननेच साधारण २०० डिग्रीपर्यंत तापवा, थंड पट्टीवर थेंब तसेही फुटतातच आणि आपण उगाच सेटिंगला शिव्या देतो.

२. पावडर चालू करून गन एकदाच झपकन फिरवा.

३. खिशातल्या ६० एक्स मायक्रोस्कोपनं बघा.

धिरड्यासारखे गोल चपटे ठिपके दिसले की काम झालं. आख्खे दाणे चिकटलेत किंवा पट्टी जवळपास मोकळीच आहे, म्हणजे पावडर कच्ची राहिली. आधी कॅरियर गॅस (पावडर ज्वाळेत ढकलणारा गॅस) बघा हं, सगळे करंटच्या मागे लागतात पण बऱ्याचदा पावडर ज्वाळेच्या मधोमध जातच नसते. ते ठीक असेल तर मग करंट किंवा प्लाझ्मा गॅसमधला हायड्रोजन थोडा वाढवा, डिस्टन्स १०० मिलिमीटरच्या आसपास ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला तेच कळत नाही.

फक्त ही पट्टी पावडर वितळतेय का एवढंच सांगते. खरा जॉब ग्रिट ब्लास्ट (कण मारून पृष्ठभाग खरखरीत करणं) आणि बॉण्ड कोट (पकड देणारा मधला थर) करूनच घ्या, आणि मारताना हवेचा झोत चालू ठेवा, कारण स्टेनलेस ॲल्युमिनाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, जॉब फार तापला तर थंड होताना कोटिंग सुटतं.