घरातले नेट वारंवार तुटते तेव्हा: बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे कसे शोधावे

नेट गेले की बहुतेक घरांत पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. बंद करून चालू केला की दोन-तीन मिनिटांत सगळे पूर्ववत होते, आणि पूर्ववत होते म्हणूनच मूळ बिघाड महिनोन्‌महिने तसाच राहतो. राउटर बंद करताच कोणता दिवा लाल होता, संगणकाला कोणता पत्ता मिळाला होता आणि राउटरच्या नोंदींत शेवटी काय उमटले होते, हा सगळा पुरावा बहुधा पुसला जातो. म्हणून पुढे दिलेल्या पद्धतीचा आग्रह एकच आहे: आधी नेट कुठे तुटते ते ठरवावे आणि मगच कशालाही हात लावावा.

नेट घरात येते त्या वाटेचे तीन टप्पे धरावेत. पहिला टप्पा लॅपटॉप किंवा फोनपासून राउटरपर्यंतचा, दुसरा स्वतः राउटर आणि त्याचा वीजपुरवठा, आणि तिसरा घराच्या दारापासून जिन्यातल्या डब्यातून किंवा गच्चीवरून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतचा. मुंबईत हा तिसरा टप्पा दोन प्रकारांनी बांधलेला आढळतो. काही घरांत फायबरची बारीक वायर थेट आत येते आणि ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी म्हणतात. काही इमारतींत फायबर गच्चीवरच्या किंवा मीटर रूममधल्या स्विचपर्यंतच (एका वायरीतले नेट अनेक घरांत वाटणाऱ्या डब्यापर्यंतच) येते आणि तिथून पुढे केबलवाल्याने साधी तांब्याची लॅन वायर प्रत्येक घरात नेलेली असते. आपल्याकडे यांपैकी कोणता प्रकार आहे हे आधीच पाहून ठेवावे, कारण दोन्हींचे आजार वेगळे आहेत.

पुढची पायरी निरीक्षणाची आहे. घरातली माणसे कोणत्याही अडचणीला ‘नेट गेलं’ एवढेच म्हणतात, पण त्या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. वाय-फायची खूणच नाहीशी झाली, की खूण आहे पण ‘इंटरनेट नाही’ असा संदेश येतो? एकाच लॅपटॉपवर असे होते, की सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी? बेडरूममध्येच होते, की राउटरजवळ बसूनही? ठरावीक वेळी होते, की पावसाच्या सरी सुरू झाल्यावर? फक्त एकाच उपकरणाचे नेट तुटत असेल तर राउटर आणि कंपनी या दोघांवरचा संशय बराचसा कमी होतो आणि निम्मे काम तिथेच संपते.

आता खरी चाचणी. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी. (या सर्व आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत.) जे उत्तर येते त्यात ‘डीफॉल्ट गेटवे’ या ओळीसमोर राउटरचा पत्ता दिसतो, तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तिथेच संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि संगणकाने तो स्वतःच घेतला, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी बाहेरच्या वायरकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडाव्यात. एकीत पिंग ही आज्ञा (ती दिलेल्या पत्त्याला पुन्हा पुन्हा हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवते), तिच्यापुढे राउटरचा पत्ता आणि शेवटी आडवी रेघ व टी हे अक्षर द्यावे. दुसरीत त्याच रीतीने ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता द्यावा. टी दिल्यामुळे चाचणी आपण थांबवेपर्यंत चालू राहते. मॅक आणि लिनक्सवर ती मुळातच अखंड चालते. मग आपले नेहमीचे काम करत राहावे आणि पुढचा खंड पडला की दोन्ही खिडक्यांकडे पाहावे. राउटरच्या खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ ही ओळ दिसू लागली तर बिघाड घरातच, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात आहे. राउटर व्यवस्थित उत्तर देत असताना केवळ ८.८.८.८ गप्प झाला तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही खिडक्या उत्तरे देत आहेत आणि तरीही संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडलेली असते, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहिल्याने ती अडचण बहुधा दूर होते.

चौथी शक्यता फसवी आहे, म्हणून तिच्यासाठी थोडे थांबावे लागेल. काही वेळा उत्तरे थांबत नाहीत, पण एरवी १० मिलिसेकंदांत येणारे उत्तर अचानक ५०० किंवा १००० मिलिसेकंदांवर जाते. व्हिडिओ कॉल गोठतो आणि पाहणाऱ्याला नेट तुटल्यासारखेच वाटते. इथे काहीही तुटलेले नसते. घरातल्या एखाद्या फोनने दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतलेले असतात, त्यामुळे अपलोडची वाट भरून जाते आणि बाकीच्यांचे निरोप राउटरमध्ये रांगेत उभे राहतात. तो बॅकअप रात्रीवर टाकावा, किंवा राउटरमध्ये क्यूओएस ही वेगाचे वाटप ठरवण्याची सोय असल्यास अपलोडला प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा घालावी. अशा घरांत महागडा राउटर आणूनही विशेष फरक पडत नाही.

बिघाड पहिल्या टप्प्यात आहे असे दिसले, तर संगणक लॅन वायरने राउटरला जोडून तीच दोन खिडक्यांची चाचणी पुन्हा घ्यावी. वायरवर खंड पडत नसेल तर दोष वाय-फायचा आहे, आणि मुंबईत वाय-फायचे दुखणे बहुतांशी गर्दीचे असते. एका मजल्यावर चार किंवा सहा बिऱ्हाडे, वर आणि खाली तितकीच, समोरच्या इमारतीचे अंतर हाताच्या पल्ल्यात, आणि या प्रत्येक घरात एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ अशी चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या वाटा, वापरता येतात, पण त्यांतली १, ६ आणि ११ एवढीच एकमेकांच्या अंगावर न येता चालू शकतात. फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचे एखादे अ‍ॅप घेऊन आजूबाजूची नावे पाहिली की या तिन्हींवर प्रत्येकी किती राउटर बसले आहेत ते समजते. त्यांतले सर्वांत मोकळे निवडावे आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ४० ठेवल्याने वेग वाढेल ही आशा दाट वस्तीत फोल ठरते. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यामुळे जेवण गरम करताना स्वयंपाकघरालगतच्या खोलीत नेट जात असेल तर त्यात गूढ काही नाही.

शक्य तिथे लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. हा पट्टा मोकळा असतो, मात्र काँक्रीटच्या भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. याच पट्ट्यात ५२ ते १४४ या चॅनेलांवर एक अट आहे: तिथे रडारची चाहूल लागली तर राउटरने जागा ताबडतोब सोडायची आणि नव्या जागी बसण्यापूर्वी, तीही याच गटातली असेल तर, किमान एक मिनिट नुसते ऐकत राहायचे. हवामान खात्याचे वेरावलीचे डॉप्लर रडार २०२२ मध्ये सुरू झाले आणि ते सी-बँडवर, म्हणजे ४ ते ८ गिगाहर्ट्झच्या ज्या बँडात वाय-फायचा हा पट्टा येतो त्याच बँडात चालते. तेव्हा अंधेरी-जोगेश्वरी भागात, किंवा कुठेही, ५ गिगाहर्ट्झचे नाव यादीतून मिनिटभर नाहीसे होऊन परत येत असेल आणि २.४ चे नाव मात्र जागेवर राहत असेल, तर चॅनेल ‘ऑटो’वर न सोडता ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक हाताने निवडून पाहावे.

रेंज किती आहे हे खुणेच्या कमानींवरून ठरवू नये. त्याच अ‍ॅपमध्ये डीबीएम या एककात आकडा मिळतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, आणि उणे ७५ च्या पुढे खंड पडणे स्वाभाविक आहे. वायर दाराजवळून आत येते म्हणून राउटर तिथेच चपलांच्या स्टँडवर टांगलेला असतो, किंवा दिसायला बरे म्हणून टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंडलेला असतो. दोन्ही जागा वाईट, आणि दुसरी अधिक वाईट, कारण तिथे रेंज तर अडतेच, शिवाय तो तापतो. दहा मीटर लॅन वायर विकत घेऊन राउटर घराच्या मध्यावर उंच ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा पुरेसा इलाज आहे. राउटरची रेंज पुढे पोचवणारा रिपीटर घ्यायचाच असेल तर जिथे रेंज उरलेली नाही त्या खोलीत तो ठेवू नये. जिथे ती अजून चांगली आहे अशा अर्ध्या वाटेवर ठेवावा.

एकाच लॅपटॉपचे नेट तुटत असल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा दिलेली असते, ती काढून टाकावी. काही लॅपटॉपांवर हे पान दिसत नाही. तिथे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा. यूएसबीत खोचायचा वाय-फाय डोंगल वापरत असाल तर तो यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कपासून दूर ठेवावा, कारण तिच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट उठतो.

कंपनीने दिलेला ओएनटीही वाय-फाय देतो आणि त्याला जोडलेला स्वतःचा राउटरही देतो, ही मांडणी आता घरोघरी दिसते. दोघेही पत्ते वाटू लागले आणि एकाची वायर दुसऱ्याच्या लॅन पोर्टात खोचलेली असली, की उपकरणे कधी याच्याकडून तर कधी त्याच्याकडून पत्ता घेतात आणि नेट मनमानी चालते. वाटप एकानेच करावे: दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावा, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देतो, किंवा ओएनटी ब्रिज मोडवर टाकून घ्यावा, म्हणजे तो नेट नुसते पुढे राउटरकडे सोडतो.

दुसऱ्या टप्प्याची खूण सोपी आहे. खंड पडताना राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा एकेक करून लागत असतील, तर तो आपणहून बंद पडून उठतो आहे. दोष बहुधा अडॅप्टरचा असतो. दोन-तीन वर्षांत तो थकतो आणि ताण आला की पुरेशी वीज देत नाही. नवा आणताना जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तेवढेच असावेत. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात. मुंबईत वीज फारशी जात नाही म्हणून इन्व्हर्टर कुणी ठेवत नाही, पण क्षणभराचा झटकाही राउटरला पुन्हा सुरू व्हायला लावतो आणि दोन-तीन मिनिटे घेतो. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस यावर पुरतो. ओएनटी वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

उरला तिसरा टप्पा. फायबर असेल तर खंड पडताना ओएनटीवरचा लॉस (इंग्रजीत एलओएस अशी अक्षरे असलेला) दिवा पाहावा. तो लाल झाला तर प्रकाश आत येत नाही आणि घरातले काहीही बदलून उपयोग नाही. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल किंवा आरएक्स पॉवर या नावाने एक आकडा मिळतो. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असावा. उणे २७ च्या जवळ गेला की नेट कधी चालते, कधी नाही. ३ डीबीचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा झाला, हे ध्यानात ठेवले तर आकडे वाचणे सोपे जाते. कपाटामागे फायबरला तीव्र वळण पडले आहे का, खिडकीच्या चौकटीत ती चेपली आहे का, हे पाहावे. हिरवी पिन काढून आत डोळा लावू नये. तो लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

लॅन वायरच्या प्रकारात दोष वेगळे असतात. पावसाळ्यात गच्चीवरच्या डब्यात पाणी शिरते, समुद्राच्या खाऱ्या हवेने पिनेचे तांबे गंजते, डक्टमध्ये उंदीर वायर कुरतडतात. अशा वायरची मर्यादा १०० मीटर आहे आणि उंच इमारतीत गच्चीवरून फिरून आलेली वायर ती सहज ओलांडते. राउटरमधल्या या वायरच्या वेगाच्या नोंदीत १००० मेगाबिटऐवजी १०० दिसू लागले तर तिच्यातल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असण्याची शक्यता मोठी आहे. आणखी एक गोष्ट सोसायटीला विचारावी: इमारतीतला स्विच कोणत्या मीटरवर चालतो? जिन्यातल्या दिव्यांच्या स्विचवर तो जोडलेला असेल, तर वॉचमनने सकाळी दिवे मालवले की सगळ्या इमारतीचे नेट जाते.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असे सांगू नये. तारीख, वेळ, त्या वेळी कोणता दिवा कसा होता, राउटर उत्तर देत होता आणि बाहेरचा पत्ता देत नव्हता, हे दोन्ही खिडक्यांच्या फोटोसह लिहून पाठवावे आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्यावा. त्या क्रमांकाशिवाय पुढे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येत नाही. कंपनीचा माणूस घरी आला की राउटर बदलून निघून जाण्याआधी त्याला प्रकाशाचा आकडा मोजायला सांगावा, आणि काम झाल्यावरचा आकडा लिहून ठेवावा. तक्रार बंद करण्यासाठी तो ओटीपी मागेल. दोन्ही खिडक्या पुढचा पूर्ण दिवस खंडाविना चालेपर्यंत तो देऊ नये.