लिफ्ट केलेल्या गाडीला नवे शॉक: आधी टेप, मग पाना

गाडी लिफ्ट करून, म्हणजे सस्पेन्शनवर उंच करून झाली, मोठी चाकं चढली, आता शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्यायचे. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती इंच लिफ्ट?’ आपण ‘दोन’ म्हणतो आणि खोकं हातात पडतं. मीही तसंच केलं होतं. पहिल्याच खडकाळ चढावर मागून उजवीकडे ‘ठक्’ असा लोखंडी आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला नाही, कारण तोवर शॉकचा वरचा ब्रॅकेट चेसिसपासून अर्धा फाटला होता. शॉकमध्ये खोट नव्हती. पूर्ण मिटल्यावर तो जेवढा आखूड व्हायला हवा होता, त्यापेक्षा 15 मिलिमीटर लांब राहत होता, एवढंच. बंप स्टॉपचं, म्हणजे एक्सलची वरची धाव अडवणारं रबर पूर्ण दाबलं जायच्या आधी शॉक आतून टेकायचा आणि गाडीचा सगळा दणका एका बोल्टवर यायचा.

तेव्हापासून ‘दोन इंची शॉक’ हा शब्द मी ऐकून सोडून देतो. गाडी उंच होते ती कॉइलमुळे (गोल स्प्रिंग), पाट्यांमुळे (लीफ स्प्रिंग) किंवा स्पेसरमुळे (स्प्रिंगला लावलेला ठोकळा). सुटा शॉक गाडी उचलत नाही, तो फक्त स्प्रिंगचं हेलकावणं आवरतो. त्याला खरेदी करताना आधी दोन मापं विचारायची: पूर्ण मिटल्यावर लांबी किती आणि पूर्ण ताणल्यावर किती. कडकपणा, प्रकार, रंग हे सगळं त्यानंतर.

माप कसं घ्यायचं

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. सहलीला जाताना जे सामान असतं ते आत असू द्या, कारण रिकाम्या गाडीचं माप फसवं असतं. आता शॉकच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप लावा. समजा 480 मिलिमीटर आलं. मग एक्सल आणि बंप स्टॉप यांच्यातलं अंतर मोजा. समजा 80. रबर दाबल्यावर आणखी थोडं बसतं, ते 25 धरू. म्हणजे चाक पूर्ण वर गेलं की बोल्ट ते बोल्ट अंतर 375 उरतं. शॉकची मिटलेली लांबी याहून कमी हवी, आणि नुसती कमी नाही, 15 मिलिमीटर तरी मोकळे सोडा. म्हणजे 360 किंवा त्याखाली. आमच्या त्या शॉकची मिटलेली लांबी 390 होती. 375 मध्ये 390 कुठून मावणार?

ही आकडेमोड शॉक उभा असेल तर जमते. तो तिरका असेल किंवा चाकापासून बराच आत बसवलेला असेल, तर एक्सल जितका हलतो तितका शॉक हलत नाही. अशा वेळी कागद बाजूला ठेवून गाडीलाच विचारावं. कॉइल असतील तर चेसिस स्टँडवर घ्या, कॉइल काढा, आणि रिकामा एक्सल जॅकने हळूहळू वर नेत बंप स्टॉपला टेकवा. रबर दाबलं जाण्यापुरतं माप त्यातून वजा करायला विसरू नका. दोन्ही बाजू एकत्र वर नेऊन पाहा, आणि एक बाजू वर, दुसरी खाली अशीही पाहा. सलग एक्सलवर (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) अडचण बहुतेक वेळा या तिरप्या अवस्थेत सापडते. पाटे काढणं कटकटीचं काम आहे, तिथे एक चाक रॅम्पवर चढवून जमेल तेवढं माप काढावं.

खालच्या बाजूचं मापही याच वेळी घ्या. एक्सल हळूहळू खाली सोडत जा आणि पहिली कुरकुर कोण करतं ते बघा. कधी ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणून तारेसारखा होतो, कधी कॉइल आपल्या वाटीतून ढिली होऊन फिरायला लागते, कधी प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलकडे इंजिनची ताकद नेणारा दांडा) जोड अडतो. जे आधी घडेल तिथे शॉकची ताणलेली लांबी संपली पाहिजे. लांब शॉक घेतला की चाक जास्त खाली जातं म्हणून लोक खूश होतात, पण कॉइल निसटून पडली की गाडी तिथेच बसते. लांबच शॉक हवा असेल तर लांब होज घाला, कॉइल वाटीत बांधून ठेवा किंवा एक्सलला अडवणारा पट्टा लावा.

आता हिशेब जुळवा. मिटलेला 360, ताणलेला 585 असा शॉक मिळाला, तर 480 वरून वर जायला बंप स्टॉप पूर्ण दाबला जाईपर्यंत 105 आणि खाली यायला 105 मिळतात. असा साधारण निम्मानिम्मा वाटा बहुतेक गाड्यांना मानवतो. शॉक बंप स्टॉपच्या आधीच मिटून संपत असेल तर शॉक बदलण्याऐवजी बंप स्टॉप बदलायची वेळ आलेली असते. लिफ्टसोबत उंच बंप स्टॉप देतात ते उगीच नव्हे.

मग प्रकार आणि कडकपणा

शॉकच्या आत तेलातून पिस्टन फिरतो, त्याच्या बारीक वाटांतून तेल ढकललं जातं, आणि हादऱ्याची ताकद उष्णता बनते. जास्त वेळ खडबडीत रस्त्यावर धावलात की तेल तापतं, फेसाळतं, आणि शॉक आहे की नाही तेच कळेनासं होतं. प्रकारांमधला फरक मुख्यतः या फेसाशी कोण कसं लढतं याचा आहे.

ट्विन-ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात आणि गॅसचा दाब बेताचा. बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा पडला तरी आतला पिस्टन चालू राहतो, म्हणून सावकाश खडकांवर चढणाऱ्याला तो पुरतो. मोनोट्यूबमध्ये नळी एकच. तेल आणि गॅस यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, गॅसचा दाब बराच जास्त, आणि नळीला बाहेरची हवा थेट लागत असल्याने उष्णता लवकर निघून जाते. मात्र त्याच नळीला नेमक्या जागी पोचा बसला तर पिस्टन अडकतो. वेगाने, लांबवर, लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर जायचं असेल तर मी मोनोट्यूब घेईन. बाहेर वेगळी डबी असलेले रिझर्व्हॉयर शॉक तेल वाढवतात आणि गॅस बाहेर हलवल्याने आखूड नळीतही लांब स्ट्रोक (पिस्टनची धाव) मावतो. शनिवार-रविवारच्या फेरीसाठी ते बहुतेकांना नको असतात, दिसतात मात्र झकास.

कडकपणाबद्दल एकच सांगतो: तो स्प्रिंगशी जुळला पाहिजे. पुढे विंच (दोर ओढून अडकलेली गाडी काढणारं यंत्र) आणि लोखंडी बंपर लावून कडक स्प्रिंग घातली असेल, तर ती दाबल्यावर जोरात परत उसळते. ती उसळी आवरायला शॉकचं परतीचं डॅम्पिंग (ताणला जाताना त्याचा अडसर) वाढवावं लागतं. उलट, रिकाम्या गाडीला जड वजनासाठीचे कडक शॉक लावले की चाकं रस्त्यावर टिकत नाहीत, खड्डाखड्ड्यावर नाचतात. पाट्यांचं आणखी एक असं की पाटे एकमेकांवर घासून स्वतःच थोडं डॅम्पिंग करतात. म्हणून तेवढ्याच वजनाच्या कॉइलवाल्या गाडीचे शॉक तिथे कडक वाटू शकतात. विकणाऱ्याला गाडीचं नाव सांगून थांबू नका. पुढच्या आणि मागच्या एक्सलवरचं वजन सांगा, स्प्रिंगचा दर (ती किती कडक ते सांगणारा आकडा) माहीत असेल तर तोही.

शेवटी टोकं तपासा. कुठे बुश (रबराची नळी) घातलेली गोल कडी असते, कुठे उभा दांडा आणि वर नट, कुठे कडीतून आडवा गेलेला दांडा. बोल्टची जाडी आणि बुशची रुंदी जुन्या शॉकवर मोजून जुळवा. ‘बसेल, थोडं घासून घे’ हा सल्ला ऐकू नका.

बसवताना

पुढचा स्ट्रट असेल, म्हणजे स्प्रिंग शॉकवरच चढलेली असेल, तर पुढचं वाचून घरी करू नका. दाबलेली कॉइल सुटली तर हात जातो. ते काम स्प्रिंग दाबून धरणारं अवजार आणि सवय दोन्ही असलेल्या माणसाचं. खालचं सगळं स्प्रिंगपासून सुट्या शॉकसाठी आहे.

आदल्या रात्री गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी निम्मी लढाई जिंकलेली असते. चाकांना ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग चेसिस स्टँडवर आणि एक्सलखाली जॅक. हा जॅक शेवटपर्यंत काढायचा नाही, कारण बऱ्याच गाड्यांत एक्सलला खाली जाण्यापासून शॉकच अडवतो. एका वेळी एकच बाजू उघडा.

एक्सल जॅकने किंचित वर-खाली केला की खालचा बोल्ट हाताने निघेल अशी एक जागा सापडते. हातोडा तिथे लागत नाही. वरचा नट दांड्यावर असेल तर नटाबरोबर दांडाही गोल फिरायला लागतो. दांड्याच्या टोकाला सपाट बाजू असतात, तिथे दुसरा पाना धरा. चकचकीत भागाला पकड लावण्याचा मोह होईल. लावलीत तर त्या ओरखड्यावरून तेलाचं सील महिन्याभरात फाटेल.

नवा ट्विन-ट्यूब शॉक लावण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत मधेच पोकळ झटका लागतो, ती आडवं ठेवल्याने शिरलेली हवा. झटका गेला की उभाच ठेवून बसवा. मोनोट्यूबला याची गरज नाही. आतला गॅस त्याचा दांडा बाहेर ढकलतो, म्हणून त्याला मिटवून पट्टा बांधलेला असतो. 14 मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर 25 बार दाब म्हणजे जवळपास 40 किलोचा जोर. वरचं टोक लावा, खालचं टोक समोर आणा आणि मगच पट्टा कापा, तोंड बाजूला ठेवून.

बोल्ट आत्ता फक्त हाताने घट्ट करा. ही पायरी बहुतेक जण चुकवतात. कडीतलं रबराचं बुश दोन्ही बाजूंनी आवळलं की ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळलंत तर गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून चाकं लावा, गाडी खाली घ्या, दोन-तीनदा दाबून बसू द्या, आणि मग गाडीच्या किंवा शॉकच्या पत्रकात दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) लावा. उभ्या दांड्याच्या नटाला वेगळा नियम: पत्रक नसेल तर रबर फुगून वॉशरच्या काठाइतकं झालं की थांबा.

स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाक, होज, एबीएसची वायर, यांतलं काही नव्या शॉकला घासत नाही ना? जाड नळीचे शॉक इथे हमखास नडतात. याच कामात उंचीही बदलली असेल तर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन करून घ्या. सस्पेन्शनच्या बदलांचे नियम देशोदेशी वेगळे असतात, ते आणि विम्याच्या अटी आधी बघितलेल्या बऱ्या.

पहिली फेरी लहान ठेवा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, एखादा पाव फेरी फिरतोच. आणि कच्च्या रस्त्यावरून आलात की उतरून चारही शॉकजवळ हात न्या, आधी उलटा हात, टेकवण्यापूर्वी अंदाज घेत, कारण ते भाजण्याइतके तापतात. एका एक्सलवरचे दोन्ही सारखेच गरम लागले पाहिजेत. एक गरम आणि शेजारचा गार असेल, तर गार असलेला काम करत नाहीये. त्याचा बोल्ट, बुश आणि सील तिथेच बघा.