बंदरकाठ असो की कृष्णाकाठ, आराखडा करताना या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या शीटांवर पाणी यायला लागतं. कुणाची मुंबईची पूर्व किनारपट्टी, कुणाचं रत्नागिरीचं मिरकरवाडा, तर कुणाचा घरचाच सांगलीचा कृष्णाकाठ. खाली दुकानं, वर ऑफिसं, त्यावर फ्लॅट, समोर फिरायचा रस्ता आणि संध्याकाळच्या उजेडात फुगे घेऊन पळणारी पोरं. थ्रीडी झकास असतं. सेक्शन, म्हणजे उभा छेद, मागितला की शेवटच्या शीटच्या कोपऱ्याकडे बोट जातं. तिथे पाण्याची म्हणून एक नागमोडी रेघ असते आणि तिच्यावर आकडा नसतो. हे फक्त पोरांचं आहे असंही नाही. निविदेसोबत येणाऱ्या जाड बाइंडिंगच्या अहवालांतही तीच नागमोडी रेघ सापडते, फक्त रंगीत.

पातळी कशापासून मोजली, हे न विचारणं

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, 2005 ला 53 फुटांच्या वर, 2019 ला 57 फुटांच्या पुढे. हे आकडे रिक्षावाल्यालाही पाठ आहेत आणि घोळ नेमका तिथेच होतो. तो आकडा पुलावरच्या पट्टीचा आहे. पट्टीचा शून्य पुलापाशी नदीच्या पात्रात आहे, तुमच्या प्लॉटवर नाही आणि समुद्रसपाटीवर तर नाहीच. सर्व्हेअर टोटल स्टेशन (उंची-अंतर मोजायचं यंत्र) लावून आणतो ते आरएल, म्हणजे ठरवलेल्या शून्यापासूनची उंची. त्यातही बऱ्याचदा काठावरच्या एखाद्या ओट्याला 100.000 धरून केलेलं काम असतं. मग घाईत कुणीतरी 57 फुटांचे 17.4 मीटर करतो आणि मनाला येईल तिथून वर मोजतो. एकदा असा आकडा ड्रॉइंगवर चढला की तो कॉपी-पेस्ट होत पुढच्या दहा शीटांवर जातो आणि खोडायला कुणीच येत नाही.

दुसरी गोष्ट, पुराचं पाणी ताटातल्या पाण्यासारखं सपाट नसतं. त्याला उतार असतो. पुलाच्या वरच्या अंगाला खांबांमुळे थोडी फुगी असते, खाली हरिपुराकडे वारणा येऊन मिळते. म्हणून पुलावरची पातळी दोन किलोमीटर लांबच्या प्लॉटवर जशीच्या तशी आडवी ओढता येत नाही.

करायचं असं. पट्टीच्या शून्याचा आरएल जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या, फोनवर घेऊ नका. स्वतःचा बेंचमार्क (उंची मोजायची पक्की खूण) जीटीएस, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या, बेंचमार्कला जोडून घ्या. मग गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, पायी फिरा. 2005, 2019, 2021 च्या खुणा अजूनही भिंतींवर सापडतात, नसतील तिथे घरातल्या आजींना विचारा. "पाणी किती आलं होतं?" असं विचारलं तर "लई आलं होतं" एवढंच कळतं. "जिन्याच्या कितव्या पायरीला टेकलं होतं?" असं विचारलं तर पायरी दाखवतात, आणि पायरीवर स्टाफ (मोजपट्टीची काठी) उभा करता येतो. अशा निदान सहा जागा घ्या. शेजारच्या दोन घरांत फुटाचा फरक आला तर एकाची आठवण वेगळ्या वर्षाची आहे, ती वगळा. मग सेक्शनवर पाच रेघा ओढा: उन्हाळ्यातलं पाणी, धोक्याची पातळी, निळी पूररेषा, लाल पूररेषा (या दोन काय ते पुढे नियमांत येतं) आणि 2019 चं पाणी. या पाच रेघांशिवाय प्लॅनला हात न लावणं ही सवय लावून घेतली की निम्म्या चुका होतच नाहीत.

बंदरात हीच चूक दुसऱ्या नावाने होते. भरती-ओहोटीच्या तक्त्यातले आकडे चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यापासून, असतात. मुंबईत हा शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. तक्त्यात 4.8 मीटरची भरती दिसली तर सर्व्हेच्या आरएलवर ती 2.3 च्या आसपास बसते. लाटा आणि वादळी उधाण त्यावर वेगळं धरायचं. हे न बघता 4.8 थेट आरएल म्हणून धरलं की आख्खा धक्का अडीच मीटर उगाच भरला जातो. मग जुनी गोदामं खड्ड्यात जातात, आणि तिथून वर यायला 1:12 चा (12 मीटरला 1 मीटर चढणारा) रॅम्प नुसत्या लांबीने 30 मीटर लागतो, मधले टप्पे वेगळे. तेव्हा ओरडायचं, "रॅम्प बसत नाही."

पेवाची आठवण न ठेवता बेसमेंट काढणं

हरिपूरची पेवं सांगलीच्या हळद बाजाराची शान होती. जमिनीत खोल खड्डा, वर अरुंद तोंड आणि आत पोत्यांवारी हळद. तिथली माती अशी की पाणी झिरपत नव्हतं, म्हणून हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. पण ही सोय वरून पडणाऱ्या पावसासाठी होती. 2005 च्या महापुरात पाणी तोंडावरूनच आत गेलं आणि बहुतेक पेवं निकामी झाली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली साठवण एका पावसाळ्यात संपली. एवढं उदाहरण दीड कोसावर असताना त्याच नदीच्या काठावर "दोन लेव्हल पार्किंग, बेसमेंट" लिहिणाऱ्याला काय म्हणावं?

"वॉटरप्रूफिंग करू" हे उत्तर ठरलेलं. वॉटरप्रूफिंगने गळती थांबते, उचल थांबत नाही. साडेतीन मीटर खोल बेसमेंट घ्या. भोवतालची जमीन वरपर्यंत पाण्याने भरली की तळाच्या स्लॅबला दर चौरस मीटरला साडेतीन टन पाणी वर ढकलतं. 300 मिलिमीटर जाडीच्या राफ्टचं, म्हणजे त्याच तळाच्या स्लॅबचं, स्वतःचं वजन येतं पाऊण टन. उरलेले पावणेतीन टन वरच्या इमारतीने दाबून धरायचे किंवा खडकात अँकर घालायचे. आणि वाईट वेळ इमारत उभी राहिल्यावर येत नाही, पहिल्या पावसाळ्यात येते. मे अखेर बेसमेंट झालेलं असतं, वरचे मजले नसतात आणि जूनमध्ये पंप बंद पडतो. तळ फुगतो, भिंतीच्या कोपऱ्यात तिरकी चीर जाते. पूर्णपणे पुरलेली रिकामी सेप्टिक टाकीसुद्धा अशीच वर येते.

आधीच बेसमेंट असेल आणि त्यात पाणी शिरलं असेल तर पूर ओसरल्या दिवशी मोठा पंप लावून एका रात्रीत उपसायची घाई करू नका. आतलं पाणी बाहेरच्या दाबाला तोलून धरत असतं. दिवसाला दोन-तीन फूट उपसा, भिंतीवर खडूने खूण करा, रात्री पंप बंद ठेवा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलेलं असेल तर बाहेरची जमीन अजून भरलेली आहे, थांबा. दुकानदार तगादा लावतील. लावू द्या.

पूर चढताना भिंत टिकली म्हणून निश्चिंत होणं

नदीची भिंत बहुधा पूर चढताना पडत नाही, उतरताना पडते. चढताना समोरचं पाणी तिला मागे रेलून धरतं. चार-सहा दिवसांनी पातळी झपाट्याने उतरते, समोरचा टेका जातो आणि मागची माती अजून चिंब असते. मागचं पाणी आणि चिखल दोघे मिळून भिंत नदीकडे ढकलतात. कृष्णेचा काठ ढासळतो तो पाणी ओसरल्यावर, हे शेतकऱ्याला विचारलं तरी सांगतो.

म्हणून भिंतीमागे काळी माती भरू नका. ती पाणी धरते आणि फुगते. मुरूम, त्याच्या पुढे भिंतीला लागून फूट-दीड फूट खडीचा थर, मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी सोडून माती अडवणारं कापड). वीप होल (मागचं पाणी बाहेर पडायची भोकं) 75 ते 100 मिलिमीटरचे, दीड ते दोन मीटरवर, आडव्या रांगांत, एकाआड एक सरकवून. पाइपच्या मागच्या तोंडाला जाळी आणि खडी हवीच, नाहीतर पहिल्याच वर्षी गाळ बसून भोकं नुसती शोभेची राहतात. कंत्राटदार पाइप भिंतीच्या पुढच्या अंगालाच खोचून फोटो काढतात, हा जुना खेळ आहे. काँक्रीट ओतायच्या आधी मागच्या बाजूने जाऊन पाइपात काठी घालून बघा.

भिंत बांधली की आतल्या पावसाच्या पाण्याचं काय, हाही प्रश्न उरतो. गावात पुराचं पाणी काठ ओलांडून येण्याआधी नाल्याच्या तोंडातून उलटं येतं. सांगलीच्या शेरीनाल्यासारखा नाला आराखड्यात आहे आणि त्याच्या तोंडाशी काहीच दाखवलेलं नाही, असे कागद सरळ परत पाठवावेत. तोंडाला फ्लॅप गेट (पाणी बाहेर सोडणारं, उलटं आत येऊ न देणारं झडपेचं दार) आणि गेट मिटलेलं असताना आतलं पाणी बाहेर टाकायला पंप, दोन्ही लागतात.

हॅम्बर्गचा फोटो चिकटवणं

हाफेनसिटी, हॅम्बर्गच्या जुन्या बंदरावर उभी राहिलेली वस्ती, सगळ्यांना आवडते, मलाही. 157 हेक्टर, 2000 सालचा मास्टरप्लॅन, आणि आख्खी वस्ती मुख्य पूरबंधाऱ्याच्या बाहेर. तिथे रस्ते आणि इमारती भराव घालून समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटरच्या आसपास उचलल्या आहेत. काठचा फिरायचा रस्ता मात्र खालीच ठेवला, तो अधूनमधून बुडणार हे धरूनच. पूर आला तरी जुन्या शहराकडे जायला वरच्या पातळीवरचे पूल आहेत. तळमजल्याची उंची पाच मीटरच्या घरात, म्हणजे आज दुकान, उद्या वर्कशॉप, परवा शाळेचा हॉल, असं बदलता येतं. मिश्र वापराचं खरं मर्म त्या उंचीत आहे. "रिटेल, ऑफिस, रेसिडेन्शियल" असे तीन रंग भरले म्हणजे मिश्र वापर होत नाही.

पण ती जमीन बंदराची रिकामी झालेली आणि जवळपास सगळी शहराच्या मालकीची होती. गावभागात प्रत्येक वाड्याचा ओटा वेगळा, मालक वेगळा, भाऊबंदकी वेगळी. तिथे रस्ता तीन मीटर उचलला तर सगळी घरं तळघरं होतील. आणि खाली दुकान, वर बिऱ्हाड हा मिश्र वापर तिथे कधीचाच आहे, तो शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही.

नियमही वाचा. निळी पूररेषा 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांत एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा यात नवीन बांधकाम नाही. बाग, मैदान, उघडं पार्किंग एवढंच मनात धरा. निळी ते लाल यात राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे प्लिंथ (जोतं) लाल रेषेच्या निदान 0.45 मीटर वर. म्हणजे काही जागी दुकानाची फरशी रस्त्याच्या डोक्यावर जाते आणि रस्ता मरतो. त्याला तोड म्हणजे रुंद पायऱ्या, बसायचे ओटे आणि खाली पावसाळ्यात उचलून नेता येईल असा हातगाडीचा बाजार.

जुनी दुकानं जिथे आहेत तिथे तळमजला भिजणार हे मान्य करून बांधा. जिप्सम आणि प्लाय नको, कडाप्पा आणि सिमेंट प्लास्टर चालेल. मीटर, पॅनेल, जनरेटर, लिफ्टचं मशीन लाल रेषेच्या वर. माळा मोठा आणि त्याला सामान ओढायला कप्पी. दुकान रिकामं करायला किती तास लागतात ते एकदा घड्याळ लावून मोजा. सहा तास लागत असतील तर 40 फुटांच्या इशाऱ्यालाच सुरुवात करावी लागेल, 45 ची वाट बघून चालणार नाही. वरच्या मजल्यावरून बाहेर पडायला दुसरा रस्ता किंवा बोट लागेल असा सज्जा ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

साबरमतीसारखं पात्र आवळू नका. तिथे एकसारखी 263 मीटर रुंदी ठेवली आहे, पण ती नदी वेगळी, तिचं पाणी वेगळं. कृष्णेला आवळलं की वरच्या गावांत पाणी चढतं.

नुसती खाऊगल्ली म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बंदरकाठचं हार्बरप्लेस हे दुकानं-खाण्याचं संकुल 1980 मध्ये जगभर गाजलं आणि 2019 मध्ये कोर्टाच्या रिसीव्हरकडे गेलं.

स्पेनमधल्या बिलबाओचं गुगेनहाइम संग्रहालय 1997 चं. नदीत जाणारं सांडपाणी आवरायचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. वास येणाऱ्या काठावर कॅफे काढू नका.

पॉलिश ग्रॅनाइट घाटावर कधीच नाही. टाकीने घडवलेला काळा दगडच हवा. वाळूवर बसवलेले पेव्हर पहिल्या पुरात सुटतात.

रेलिंगला जलपर्णी अडकते आणि रेलिंग बंधारा होऊन उखडतं. नट-बोल्टचं, काढून ठेवता येणारं करा, आणि ते कुठे ठेवायचं त्या खोलीची जागाही प्लॅनवर दाखवा.

घाट धुवायला दर 30 मीटरवर नळाचं तोंड हवं, तेही वरच्या पातळीवर. पुराचा गाळ ओला असताना झाडू आणि पाइपने निघतो. दोन दिवस ऊन लागलं की फावडं लागतं, आणि गणपतीला तर पंधरा दिवसही राहिलेले नसतात.

फ्लॅप गेटच्या सांध्यात प्लास्टिक अडकतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात ते हाताने उघडून-मिटवून बघायचं, वंगण घालायचं आणि किल्ली कुणाकडे आहे ते नाल्याशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहायचं.