कारचे स्पीकर निवडताना वॉटआधी डेसिबल बघा

खोक्यावर ठळक छापलेले ‘३०० वॉट’ म्हणजे पीक पॉवर. तेवढी ताकद स्पीकर क्षणभरच झेलतो. कामाचा आकडा आरएमएसचा, म्हणजे स्पीकर सतत झेलू शकतो त्या ताकदीचा; तो बारीक अक्षरांत शोधावा लागतो. पण अँप्लिफायर न लावता गाडीच्या स्टिरिओवरच वाजवणार असाल, तर आधी सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक ताकदीवर स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो ते. ८९ आणि ९२ डेसिबलमध्ये फरक तीनचाच दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला ८९वाल्याला दुप्पट वॉट लागतात, आणि स्टिरिओ चॅनलमागे (एकेका स्पीकरला) देतो जेमतेम १५-२०! तुलना करताना दोन्ही स्पीकरचे आकडे १ वॉट, १ मीटरवरचेच हवेत, कारण २.८३ व्होल्टवर मोजलेल्या ४ ओहमच्या स्पीकरला २ वॉट मिळतात आणि तो ३ डेसिबल जास्त दाखवतो. डोअर पॅड काढून, काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या मागची जागाही मोजा. मॅग्नेट काचेला घासलं तर सगळं मुसळ केरात.