‘चालकाचा ताबा सुटला’ म्हणण्याआधी रस्ता बघा: उतारावरच्या या चुका टाळा

अपघाताच्या बातमीत एक ठरलेलं वाक्य असतं: चालकाचा ताबा सुटला. पण इतक्या जणांचा ताबा नेमका त्याच ठिकाणी कसा सुटतो? राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं गेली, तर सरकारदरबारी ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे जागेचाही दोष असतो, हे कागदावर मान्य आहे.

पुण्याचा नवले पूल घ्या. साताऱ्याकडून नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की दरी पूल, पुढे स्वामीनारायण मंदिर आणि तिथून थेट पुलापर्यंत उतारच उतार. रस्ता रुंद, त्यामुळे उतार डोळ्याला जाणवत नाही. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना काटा सरकायला लागतो, तेव्हा कळतं.

इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणं. काही जण तर इंजिनच बंद करतात. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन बंद, म्हणजे टाकीत असेल तेवढीच हवा शिल्लक, आणि दर वेळी पेडल दाबलं की ती कमी होणार. गिअर नसल्याने इंजिन वेग आवरत नाही, सगळा भार लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. काच खाली असली की मंदिराच्या पुढे जळक्या लायनरचा करपट वास नाकात शिरतो. तो आला की मी आधी आरशात बघतो. पुढचा ट्रक फार तर थांबेल. मागचा थांबेलच असं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात याच उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्या ठोकरल्या होत्या.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर चढशील त्याच गिअरवर उतर. कारलाही हेच लागू.

दुसरी चूक उताराच्या पायथ्याशी, आणि ती आपली, पायी चालणाऱ्यांची. जिथे गाड्यांचा वेग सगळ्यात जास्त, तिथेच आपण खासगी बसची वाट बघत उभे. बस थांबते तीही अर्धी लेनमध्ये. मी स्वतः बॅग पायाशी ठेवून, कठड्याला टेकून मुंबईच्या बसची वाट बघितली आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोरचं दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरले तरी ५५ मीटर गेलेच, आणि उतारावर थांबायला आणखी अंतर लागतं. आता मी सर्व्हिस रोडवरच थांबतो. बसवाल्याशी वाद होतो, होऊ दे.

अरुंद पुलाआधी ओव्हरटेक करू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. मागच्या सीटवर पट्टा नव्हता, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तीन लेनचा रस्ता त्या पुलावर दोन लेनचा होत होता, हे फार थोड्यांच्या. जुना पूल दिसला की लेन आधीच धरायची. पहिल्या पावसात तेल-धुळीचा थर निसरडा होतो, तेव्हा तर हमखास.

अपघात झाला की गाव रस्त्यावर उतरतं आणि रातोरात डांबराचा ढिगारा ‘स्पीड ब्रेकर’ म्हणून उभा राहतो. ही चूकच. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगाने सहज ओलांडता येईल असा. आपल्याकडे हातभर रुंदीचा, बिनरंगाचा असतो. रात्री तो दिसत नाही, आणि दुचाकीवर मागे बसलेली बाई उडते.

शेवटची चूक तक्रारीतली. ‘पुलाजवळ धोका आहे’ असं लिहून कुणी हलत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, कुठून कुठे जाणारी बाजू आणि वेळ लिहा. महामार्गाची हेल्पलाइन १०३३. सोबत फोटो हवाच, तोही रात्रीचा, ड्रायव्हरच्या नजरेच्या उंचीवरून काढलेला. मला एकदा ‘तिथे फलक आहे’ असं लेखी उत्तर आलं होतं. होताच. वडाच्या फांदीआड.