लॅटिनो समाजसंस्थेसाठी क्षमतावृद्धी अनुदान कसे मिळवावे

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या ६ कोटी २१ लाख लोकांनी आपली नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी केली. या समाजासाठी काम करणाऱ्या कितीतरी लहान संस्था गावोगावी आहेत. कुठे इंग्रजीचे वर्ग चालतात, कुठे धान्यवाटप, कुठे स्थलांतराच्या कागदपत्रांत मदत, तर कुठे ‘प्रोमोतोरा’ म्हणजे आरोग्यसेविका घरोघरी फिरतात. काम चोख असते, पण हिशेब एकाच माणसाच्या लॅपटॉपवर, देणगीदारांची नावे तीन वेगळ्या याद्यांत आणि संचालक मंडळाचे इतिवृत्त कुणाच्या तरी ईमेलमध्ये पडलेले असते. ही मागची बाजू नीट करण्यासाठी जो पैसा मिळतो, त्याला कपॅसिटी बिल्डिंग ग्रँट म्हणजेच क्षमतावृद्धी अनुदान म्हणतात.

अमेरिकेत राहणारी मराठी माणसेही अशा संस्थांच्या संचालक मंडळावर असतात, त्यांचे हिशेब बघतात, संगणकाचे काम करून देतात. शिवाय ५०१(सी)(३) या करमुक्तीच्या कलमाखाली नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळालाही कागदपत्रांचे हेच नियम लागू पडतात.

आधी एकच उणीव नक्की करा

सर्वात जास्त अर्ज इथेच फसतात. संस्थेला हिशेबनीस हवा असतो, वेबसाइट हवी असते, देणगीदारांचा डेटाबेस हवा असतो, मंडळाला प्रशिक्षण हवे असते, आणि अर्जात हे सगळे एकदम मागितले जाते. वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की संस्थेने अजून काही ठरवलेले नाही.

उणीव शोधायला तयार प्रश्नावल्या मिळतात. मॅकिन्सी कंपनीने २००१ मध्ये बनवलेला तक्ता विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक बाबीला १ ते ४ गुण द्यायचे असतात. तो कार्यकारी संचालक, खजिनदार, एक क्षेत्रीय कर्मचारी आणि मंडळातला एक सदस्य यांनी वेगवेगळा भरावा, एकत्र बसून नव्हे. मग सगळे तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. जिथे संचालकांनी ३ दिले आणि खजिनदारांनी १, तिथेच खरी चर्चा आहे. कर्मचाऱ्यांची रोजची भाषा स्पॅनिश असेल तर प्रश्नावलीही स्पॅनिशमध्येच द्या. परक्या भाषेत माणसे मधला गुण टाकून मोकळी होतात.

उणीव आकड्यात मांडा. ‘आर्थिक यंत्रणा सक्षम करणे’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. ‘महिना संपल्यावर हिशेब तयार व्हायला ४५ दिवस लागतात, ते १५ दिवसांवर आणायचे आहेत’ हे वाक्य अर्जाचा कणा होऊ शकते, कारण वर्षाने ते तपासता येते. आजचा आकडा आजच लिहून तारीख घालून ठेवा. काम सुरू झाल्यावर तो पुन्हा हाती लागत नाही.

कागदपत्रे

अर्जाची मुदत जाहीर झाल्यावर कागद गोळा करायला घेऊ नका. निदान एवढे एका फोल्डरमध्ये तयार असावे: आयआरएसचे म्हणजे केंद्रीय करखात्याचे करमुक्तीचे पत्र, ईआयएन हा संस्थेचा करक्रमांक मिळाल्याचे पत्र, शेवटचे तीन फॉर्म ९९० (करमुक्त संस्थांचे वार्षिक विवरणपत्र), चालू वर्षाचे मंडळाने मंजूर केलेले अंदाजपत्रक, मागच्या वर्षाचा ताळेबंद, मंडळ सदस्यांची यादी, हितसंबंधांच्या संघर्षाबाबतचे धोरण आणि राज्याकडची देणगी मागण्याची नोंदणी. ही नोंदणी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत लागते. कॅलिफोर्नियात त्यासाठी दरवर्षी आरआरएफ-१, तर न्यूयॉर्कमध्ये सीएचएआर-५०० (CHAR500) हा फॉर्म भरावा लागतो.

फॉर्म ९९० चे तीन प्रकार नीट समजून घ्या. वर्षाची एकूण जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ९९०-एन हे छोटे ई-पोस्टकार्ड पुरते. जमा २ लाखांच्या आत आणि मालमत्ता ५ लाखांच्या आत असेल तर ९९०-ईझेड, त्यापुढे पूर्ण ९९०. ई-पोस्टकार्डात जमाखर्च नसतो. त्यामुळे ते भरणाऱ्या संस्थेने मंडळाच्या ठरावासह स्वतःचा ताळेबंद जोडलाच पाहिजे, नाहीतर संस्थेच्या व्यवहाराचा काहीच पुरावा अनुदानदात्यापुढे राहत नाही. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या संस्थेची मुदत १५ मे. सलग तीन वर्षे काहीच भरले नाही तर करमुक्ती आपोआप रद्द होते आणि नव्याने फॉर्म १०२३ भरावा लागतो. त्याची फी ६०० डॉलर आहे, लहान संस्थांसाठीच्या १०२३-ईझेडची २७५. लहान संस्थांत खजिनदार बदलला की हे घडते, म्हणून आयआरएसच्या विनामूल्य शोध-पानावर आपले नाव दर जानेवारीत तपासावे.

केंद्र सरकारच्या अनुदानासाठी सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर नोंदणी करून यूईआय हा अक्षरे आणि अंक मिळून १२ चिन्हांचा ओळख क्रमांक मिळवावा लागतो. त्याआधी वापरात असलेला डन्स क्रमांक एप्रिल २०२२ पासून बाद झाला आहे. ही नोंदणी फुकट आहे. पैसे मागणारे ईमेल आले तर दुर्लक्ष करा. तिचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. लॅटिनो संस्थांची इथे एक खास अडचण होते: नावात ‘न्य’ उच्चाराचे चिन्हांकित अक्षर (ñ) किंवा स्वराघाताचे चिन्ह (é) असते, आणि राज्याच्या कागदावर नाव एका प्रकारे, आयआरएसच्या पत्रावर दुसऱ्या प्रकारे, तर बँकेत तिसऱ्या प्रकारे लिहिलेले असते. नाव आणि पत्ता तंतोतंत जुळला नाही की पडताळणी अडकते आणि आठवडे जातात. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पाहा आणि नोंदणी मुदतीच्या दोन महिने आधी सुरू करा.

संस्थेला स्वतःची करमुक्ती नसेल तर फिस्कल स्पॉन्सर शोधावा, म्हणजे स्वतःच्या नावावर पैसे घेऊन ते तुम्हाला वापरू देणारी मोठी संस्था. ती बहुधा रकमेच्या ५ ते १० टक्के किंवा त्याहून थोडे अधिक शुल्क घेते. करारात दोन गोष्टी लेखी हव्यात: पैसे किती दिवसांत मिळतील आणि पुढे वेगळे झाल्यावर उरलेला निधी, नाव आणि देणगीदारांची यादी कुणाकडे राहील.

पैसा कुणाकडे आहे

लॅटिनो संस्थांना अनुदान आणि मार्गदर्शन दोन्ही देणाऱ्या काही संस्था सर्वांना ठाऊक आहेत. हिस्पॅनिक्स इन फिलँथ्रॉपी १९८३ पासून काम करते. न्यूयॉर्कची हिस्पॅनिक फेडरेशन १९९० ची. युनिडोसयूएस १९६८ मध्ये साउथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा या नावाने सुरू झाली, पुढे नॅशनल कौन्सिल ऑफ ला रासा झाली, २०१७ मध्ये तिने आजचे नाव घेतले, आणि तिच्या देशभर सुमारे ३०० संलग्न संस्था आहेत. घरे, बचत आणि लघुउद्योगांवर काम करणाऱ्यांसाठी सॅन अँटोनिओची नॅलकॅब आहे, कॅलिफोर्नियात लॅटिनो कम्युनिटी फाउंडेशन. यांतल्या काहींची मदत सभासद किंवा संलग्न संस्थांपुरती असते, तेव्हा आधी संलग्न व्हायचे आणि मग अर्ज करायचा असा दोन वर्षांचा बेत आखावा लागतो. याशिवाय आपल्या शहराचे कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे स्थानिक देणगीदारांचा पैसा एकत्र करून तिथल्याच संस्थांना देणारी संस्था, पाहाच. पैशांऐवजी मनुष्यबळ हवे असेल तर अमेरिकॉर्प्स व्हिस्टा या सरकारी योजनेतले स्वयंसेवक संस्था उभारणीच्या कामासाठीच असतात. त्यांना थेट सेवेला जुंपता येत नाही.

खासगी फाउंडेशनकडे अर्ज करण्यापूर्वी त्याचा फॉर्म ९९०-पीएफ वाचा; हा खासगी फाउंडेशननी भरायचा वेगळा प्रकार आहे. तो सर्वांसाठी खुला असतो आणि त्यात त्या वर्षी दिलेले प्रत्येक अनुदान, घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम छापलेली असते. तीन वर्षांच्या याद्या काढा आणि आपल्या आकाराच्या संस्थांना किती मिळाले ते पाहा. १५ ते २५ हजार देणाऱ्याकडे ८० हजार मागणे म्हणजे अर्ज वाया घालवणे. यादीत आपल्या भागातली एकही लहान संस्था नसेल तर ते फाउंडेशन सोडून द्या.

पैसे कधी हातात पडतात हेही सुरुवातीलाच विचारा. फाउंडेशन बहुधा आगाऊ देते. सरकारी अनुदान मात्र बऱ्याचदा आधी खर्च करा, मग बिले पाठवा, अशा पद्धतीचे असते आणि परतफेडीला दोन-तीन महिने सहज लागतात. ज्या संस्थेकडे एका महिन्याच्या पगाराइतकीही शिल्लक नाही, तिला मंजूर झालेले अनुदानच अडचणीत आणते.

अंदाजपत्रक

सॅन अँटोनिओतली एक काल्पनिक संस्था घ्या. वार्षिक खर्च ३,२०,००० डॉलर, चार पगारी माणसे, उणीव हिशेबाची. मुदत १८ महिने. तिची मागणी अशी असू शकते:

- बाहेरचा हिशेबनीस, महिना ९०० प्रमाणे १२ महिने: १०,८००
- सॉफ्टवेअर आणि जुन्या नोंदी त्यात भरणे: ३,२००
- मंडळाला आर्थिक पत्रके वाचायला शिकवणे, १२० च्या दराने ४० तास: ४,८००
- दुभाषा आणि भाषांतर: १,५००
- कार्यकारी संचालकांचा १० टक्के वेळ, ६८,००० पगारावर १८ महिने: १०,२००

ही बेरीज ३०,५००. त्यावर १५ टक्के अप्रत्यक्ष खर्च (भाडे, वीज, कार्यालय यांसारखा) ४,५७५, म्हणजे एकूण ३५,०७५. केंद्र सरकारच्या नियमांत ज्या संस्थेने अप्रत्यक्ष खर्चाचा दर सरकारशी ठरवून घेतलेला नाही तिला पूर्वी १० टक्के मिळत. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा १५ टक्के झाली. खासगी फाउंडेशनची मर्यादा वेगळी असते, ती विचारून घ्यावी.

यातल्या दोन ओळी लहान संस्था हटकून गाळतात. पहिली संचालकांच्या वेळेची. सल्लागार येतो तेव्हा त्याला कागद काढून देणे, बैठकी लावणे, नव्या पद्धतीचा आग्रह धरणे हे सगळे कुणीतरी आपल्याच माणसाने करायचे असते. तो वेळ न मागितल्यास काम रात्री होते, मग होतच नाही. दुसरी ओळ दुभाषाची. इंग्रजीतल्या प्रशिक्षणात अर्धे मंडळ मान डोलावते आणि पुढच्या बैठकीत पत्रक तसेच मिटलेले राहते. ग्वाटेमालातून आलेल्या माम किंवा किचे बोलणाऱ्या, अथवा मेक्सिकोच्या वाहाका भागातून आलेल्या मिश्तेक बोलणाऱ्या सदस्यांना तर स्पॅनिशही परकी असू शकते. त्यांना धरूनच पैसे मागा.

हिशेबनिसाचे शेवटचे सहा महिने, म्हणजे ५,४०० डॉलर, मुद्दाम संस्थेच्या स्वतःच्या खात्यातून दाखवले आहेत आणि मागणीच्या बेरजेत धरलेले नाहीत. ‘अनुदान संपल्यावर काय’ या प्रश्नाला यापेक्षा पटणारे उत्तर नाही. एकदाच मिळणाऱ्या पैशावर कायमचा माणूस नेमला की मुदत संपताच तो जातो आणि त्याच्याबरोबर सगळे पासवर्डही.

निधी उभारणारा कर्मचारी हवा असेल तर तो केंद्र सरकारच्या पैशातून मागू नका. देणग्या गोळा करण्याचा खर्च त्या नियमांत सहसा बसत नाही. त्यासाठी खासगी पैसाच शोधावा.

मजकूर लिहिताना

‘लॅटिनो समाज’ एवढे लिहून थांबू नका. पोर्तो रिकोचे लोक जन्मतःच अमेरिकी नागरिक असतात, त्यांना व्हिसाची चिंता नसते. शेतमजुरांची, नुकत्याच आलेल्या व्हेनेझुएलन कुटुंबांची आणि टेक्सासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची गरज सारखी नाही. कोणते पिनकोड, कोणती भाषा, किती कुटुंबे, हे लिहा.

‘फक्त लॅटिनोंसाठी’ हे शब्द मात्र टाळा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार वंश, रंग किंवा मूळ देश पाहून सेवा नाकारता येत नाही. २०२४ मध्ये फिअरलेस फंड खटल्यात अपील न्यायालयाने फक्त कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठी असलेली अनुदान स्पर्धा थांबवली आणि विविधता कार्यक्रमांविरुद्धच्या जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनंतर सरकारी अनुदानांतला असा मजकूर आणखी कसून तपासला जातो. दार सर्वांना उघडे आहे आणि सेवा स्पॅनिशमध्ये मिळते, असे लिहावे; बहुतेक संस्थांच्या बाबतीत ते खरेही असते. सरकारी करारातली प्रमाणपत्रे सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

मंजुरीनंतर

पहिल्या आठवड्यात अनुदानाला हिशेबात वेगळा संकेतांक द्या, नाहीतर बंधनातला पैसा रोजच्या खर्चात मिसळतो आणि वर्षअखेरीस तो वेगळा काढता येत नाही. बेत बदलावा लागला तर पैसे खर्च करण्याआधी अनुदानदात्याला लेखी कळवा. सल्लागार सोडून गेला, सॉफ्टवेअर जमले नाही, हे त्यांना नवे नसते. आधी सांगितले तर ते बहुधा वाट काढून देतात. वेळ पुरत नसेल तर मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मुदतवाढ मागा.

अहवालात तो सुरुवातीचा ४५ दिवसांचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी द्या. १५ चे लक्ष्य होते आणि २२ वर थांबलात तर २२ च लिहा आणि कारणही लिहा. केंद्र सरकारच्या अनुदानात शेवटचा अहवाल मुदतीनंतर १२० दिवसांत, आणि तुम्ही मधल्या संस्थेमार्फत पैसे घेतले असतील तर ९० दिवसांत द्यावा लागतो. बिले, वेळपत्रके आणि करार त्यानंतर निदान तीन वर्षे जपून ठेवावीत, आणि कोणता कागद कुठे आहे हे खजिनदाराखेरीज आणखी एका माणसाला ठाऊक असावे.